न धरलेलं व्रत

जैनांच्या दहा दिवसांच्या पर्वाच्या पहिल्या दिवशी पहाटे राजमती कॅनॉलवरून चालून परत येत होती, तेव्हा एसटीच्या थांब्यापाशी तिला स्वतःचाच फोटो भेटला. चांगला दहा बाय आठचा. डोक्यावर पदर, जोडलेले हात आणि डोक्यामागून सुटलेली सोनेरी किरणं. हात तिनं पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांना जोडले होते. किरणं मात्र फ्लेक्सवाल्यानं पदरची घातली होती. खाली ठळक अक्षरात मजकूर होता : 'तपस्विनी सौ. राजमती पायगोंडा मगदूम यांच्या चारशे दिवसांच्या एकभुक्त व्रतपूर्तीनिमित्त भव्य सत्कार. उत्तम तप दिनी दुपारी साडेबारा वाजता.' शेजारीच गणपती मंडळाचा फ्लेक्स होता आणि त्यावरचे वीस-पंचवीस कार्यकर्ते गॉगल लावून या तपस्विनीकडं बघत होते.

एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं. राजमती तीनदा जेवत होती. आताही घरी जाऊन मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही खायचं तिच्या डोक्यात होतं.

तिनं मजकूर दोनदा वाचला. मग घरापर्यंतचं अंतर तिनं रोजच्यापेक्षा निम्म्या वेळात तोडलं आणि पायातले बूट न काढताच ती सोप्यात शिरली. पायगोंडा खुर्चीत पेपर वाचत बसला होता. पोट मांडीवर टेकलं होतं आणि त्या पोटावर पेपर.

"थांब्यावर काय लावलंय ते?"

"लावला व्हय? जिनगोंडा आण्णा म्हणत हुते, रातच्याला लावून घेतो म्हणून."

"मी कवा धरलं व्रत?"

पायगोंडानं पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. "जरा बस की. पाणी पी आधी."

"मी उभीच बरी हाय. सांगा, कवा धरलं?"

मग ते बाहेर आलं. गेल्या वर्षी सांगलीत भाचीचं लग्न होतं. कार्यालयात चार पाहुणे पायगोंडाला घेरून बसले. एक म्हणाला, वैनींना चांगल्या डॉक्टरला दाखवा, आमच्या साडूची बायको अशीच वाळत गेली आणि तीन महिन्यांत आटोपली. दुसरा म्हणाला, घरात खायला घालताय का न्हाई? तिसऱ्यानं नुसतं हसून विचारलं, पहाटं पहाटं कॅनॉलवर एकट्याच कुठं जात्यात वो? तिथं पायगोंडाचा धीर सुटला. तो म्हणाला, "व्रत हाय तिचं. एकभुक्त. चालत जप करती." एवढं म्हटलं आणि चारी पाहुण्यांनी जिथल्या तिथं हात जोडले.

"एका वाक्यात सगळी तोंडं गप झाली बघ," पायगोंडा म्हणाला. त्या वाक्याचं कौतुक अजूनही त्याच्या आवाजात होतं.

"माझ्या जेवणाची लाज वाटती व्हय तुमाला?"

"लाज न्हाई गं. पर मोजून खाती, चालाय जाती असं सांगितलं की लोक हसत्यात. म्हणत्यात, पन्नाशीला हिरॉईन व्हायचंय का हिला? व्रत म्हणलं की हात जोडत्यात."

खोटं बोलला होता, पण हे मात्र तो खरं बोलला. मजलेवाडीचा कायदाच तसा होता. उतरलेले चोवीस किलो तेच, बाई तीच. पण ते व्रतानं गेले तर पुण्य, आणि चालून गेले तर चाळे.

आता या चोवीस किलोंची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय राजमतीला आलेला संताप कळायचा नाही.

राजमती लग्न होऊन मजलेवाडीला आली तेव्हापासून उपास करत होती. अष्टमीला, चतुर्दशीला, पर्वात एकाआड एक, आणि एका वर्षी तर दहाच्या दहा दिवस. सासूबाई चारचौघीत सांगत, आमची सून उपासाला खंबीर हाय. दिवसभर पाण्यावर राहून ती शेतात भांगलायला आलेल्या बायकांच्या भाकरी थापायची. आणि दुसऱ्या दिवशी पारणं. पारण्याला माहेरचे येणार, शेजारचे येणार, तुपात बुडालेला शिरा येणार, पुरणपोळ्या येणार. 'खा गं, काल काय पोटात न्हाई' असं म्हणत जो तो आग्रह करणार. उपास एक दिवसाचा आणि पारणं तीन दिवसांचं. अशी पंचवीस वर्षं गेली आणि उपास करून करून राजमती एक्क्याण्णव किलोची झाली. गुडघे कुरकुरायला लागले, मग बोलायला लागले, मग ओरडायला लागले. त्यात साखर निघाली.

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि पहिलंच वाक्य टाकलं, "उपास बंद." या गोळ्या घेऊन उपाशी राहाल तर एक दिवस घाम फुटून पडाल, असं त्यांनी बजावलं. तीन वेळा जेवायचं, पण काय आणि किती ते शिकून घ्यायचं, आणि रोज चालायचं. राजमती घरी येऊन रडली. वजनासाठी नव्हे. उपास सोडायचा म्हटल्यावर आपल्याजवळ दाखवण्यासारखं दुसरं काय आहे, हेच तिला सुचेना.

ते सुचलं साताऱ्यात. मुलगी सन्मतीचं बाळंतपण होतं, म्हणून ती चार महिने तिच्याकडं राहिली. पहाटे आर्जव, म्हणजे नातू, झोपलेला असायचा, तेव्हा सन्मतीनं तिला बूट घालून अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लावली. पहिल्या दिवशी ती पहिल्या वळणावर कठड्याला टेकली ती उठेना. तिच्या देखत पासष्टीची एक बाई नऊवारीवर बूट घालून वर गेली आणि खालीही आली. जाताजाता एवढंच म्हणाली, "उद्या त्या वडापर्यंत या." का चालताय, घरी कोण आहे, नवरा काय म्हणतो, काही नाही. त्या डोंगरावर कुणी कुणाला का विचारत नव्हतं. कुठपर्यंत गेलात, एवढंच विचारत होतं. चौथ्या महिन्यात राजमती किल्ल्याच्या दरवाजापर्यंत गेली आणि खाली पसरलेला सातारा बघून एकटीच हसली.

ताट सन्मतीनं शिकवलं. निम्म्या ताटात भाजी आणि काकडी, मूठभरापेक्षा जास्त उसळ, एक भाकरी, वाटीभर ताक. तूप चमच्यानं, पळीनं नव्हे. शेंगदाण्याची चटणी चव लागेल एवढीच, भाजीसारखी वाढून नव्हे. भूक मारायची नाही, भुकेला वेळेवर घास द्यायचा. त्याशिवाय घरात खुर्चीवरून वीसदा उठायचं-बसायचं आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलायच्या. मजलेवाडीला परतल्यावर दहा महिन्यांत वजन सदुसष्टावर आलं.

खरी लढाई तिथून पुढं. उतरवलेलं वजन म्हणजे शेतातून हाकललेलं जनावर. कुंपण जरा मोकळं दिसलं की परत शिरतं. लग्नं आली, बारशी आली, गुऱ्हाळावरची काकवी आली, 'एवढ्यानं काय हुतंय' म्हणणारी जगभरची माणसं आली. दोनदा वजन चार-चार किलो वर गेलं आणि दोनदा तिनं ते परत खाली आणलं, कुणाला न सांगता, कुणावर न चिडता. त्यानंतर आता वर्ष झालं, काटा सदुसष्ट-अडुसष्टाच्या बाहेर गेला नव्हता. गोळी निम्मी झाली होती. गुडघे गप्प होते. राजमतीनं जन्मात स्वतःच्या हिकमतीवर केलेली ही एकच गोष्ट होती, आणि तीच नवऱ्यानं परस्पर उचलून एका न धरलेल्या व्रताच्या नावावर करून टाकली होती.

"मी सांगणार," ती म्हणाली. "आत्ताच जाऊन सांगते, खोटं हाय म्हणून."

"पर्व तर हुंदे. मग सांगू की सावकाश."

ती धिरडी न खाताच निघाली होती, पण दारातून परत आली. जेवण चुकवून चालणार नव्हतं. तिनं चुलीपुढं बसून दोन्ही धिरडी चावून चावून खाल्ली आणि मगच भांडायला गेली.

जिनगोंडा आण्णा बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कमिटीचे अध्यक्ष. पांढरी टोपी, भारदस्त आवाज, मनानं चांगला माणूस. राजमती ओसरीवर उभी राहून म्हणाली, "आण्णा, मी कसलं व्रत धरलेलं न्हाई. मी तीन टाइम जेवते. तो फ्लेक्स उतरवा."

आण्णांनी डोळे मिटले आणि हात जोडले. "पायगोंडा म्हणला हुता, तुमी असंच म्हणणार म्हणून."

"असंच म्हंजे?"

"वैनी, तप करणारा माणूस कवा तोंडानं कबूल हुतो व्हय? सांगितलं की फळ गेलं. आमची आई महिना-महिना उपास करायची आन इचारलं की म्हणायची, आत्ताच जेवून उठले."

राजमतीच्या लक्षात आलं, आपण कशात सापडलोय. या गावात खरा उपास करणारा कधी उपास सांगत नसे. विचारलं तर 'जेवलो' म्हणायचं आणि ओठ कोरडे पडलेले दिसू नयेत म्हणून तोंड फिरवायचं, ही इथली जुनी रीत होती आणि ती चांगलीच रीत होती. पण त्या रितीत आता तिला बोलायला जागाच उरली नव्हती. होय म्हटलं तर व्रत, आणि नाही म्हटलं तर त्याहून मोठं व्रत.

बनुबाई काकीकडं तर कहर झाला. बनुबाई महिला मंडळाच्या प्रमुख, वय सत्तर. राजमतीनं सगळं नीट समजावून सांगितलं, ताट सांगितलं, उसळ सांगितली, धिरडी सांगितली. काकी डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिल्या आणि शेवटी वाकून त्यांनी राजमतीचे पाय धरले. राजमती मागं सरकली, तर काकी गुडघ्यांवर तशाच पुढं सरकल्या. आईच्या वयाची बाई एका थापेसाठी आपल्या पायाशी आलेली बघून राजमतीच्या अंगाची लाही लाही झाली.

घरी येऊन ती पायगोंडावर तुटून पडली. "मी न्हाई म्हणणार, असं सांगून ठेवलं हुतं व्हय तुमी?"

"एकदा तू बनुबाई काकीला जेवले म्हणालीस, तवा सांगायला लागलं. न्हाईतर मी खोटा पडलो असतो."

"तुमी खोटं पडू नये म्हणून मी खोटी?"

पायगोंडानं पेपर परत पोटावर उघडला. माणूस दुष्ट नव्हता. लोक काय म्हणतील याच्या धास्तीनं तो आयुष्यभर वाकत आला होता आणि वाकता वाकता त्यानं बायकोलाही वाकवून घेतलं होतं. पण दुष्ट नसणं म्हणजे चांगलं असणं, असा हिशेब राजमतीनं आजवर मांडला होता आणि त्याचाच आता तिला राग येत होता.

पर्वातला एकेक दिवस एकेका गुणाचा असतो; पाचवा सत्याचा, सातवा तपाचा. पाचव्या दिवशी बस्तीत उत्तम सत्यावर प्रवचन झालं. बायकांच्या बाजूला राजमती बसली होती. पंडितजी सांगत होते की, खोटं बोलणं हे तर असत्य आहेच, पण आपल्याविषयी चाललेलं खोटं ऐकून त्याचा मान घेणं हेही असत्यच. पुरुषांच्या पहिल्या रांगेत पायगोंडा होता. तो प्रत्येक वाक्याला अशी मनापासून मान डोलवत होता की जणू काही हे सगळं शेजारच्या गावाविषयी चाललंय.

तरीही राजमती कदाचित गप्प बसली असती. पर्व आहे, गावाची हौस आहे, एक दिवस मान खाली घालून हार घेऊ आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कॅनॉलवर जाऊ, असं तिनं स्वतःला जवळजवळ पटवलं होतं. बाईला अशी सवय असतेच. पण सहाव्या दिवशी चंदना पडली.

चंदना राजमतीची धाकटी जाऊ. वय अडतीस, वजन नव्वदीला लागलेलं, दोन वर्षांपासून साखर. ती मळ्यातल्या घरात राहायची. राजमती दूध आणायला मळ्यात गेली, तर चंदना गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेली. कपाळावरून घामाच्या धारा, हात थरथरत होते आणि बोलणं जडावलेलं. राजमतीनं चरवी तिथंच टाकली. डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांपूर्वी जे शब्दांनी सांगितलं होतं, ते तिच्यापुढं बसलं होतं. ती आत धावली, साखरेचं पाणी केलं आणि घोट घोट करून चंदनाला पाजलं.

जरा वेळानं चंदनाची नजर स्थिर झाली. राजमतीनं विचारलं, "कवा जेवली हुतीस?"

"परवा दुपारी. काल ते एक जेवण बी सोडलं."

"आन गोळी?"

"गोळी घेतली की. गोळी चुकवू नगं म्हणून तुमीच सांगितलं हुतं."

"उपाशीपोटी? कुणी सांगितलं तुला उपास कराय?"

"कुणी कशाला सांगाय पायजे?" चंदना रडायला लागली. "तुमी चारशे दिवस केलं. मला सहा बी हुईनात. मला वाटलं, तुमच्यासारखं वजन उतरंल. गुडघं लय दुखत्यात वैनी."

"वरीसभर मी तुला सांगतीया, मी जेवते म्हणून. माझं ताट बघाय ये म्हणाले हुते का न्हाई?"

"तुमी तसंच म्हणणार. थोरल्या दादांनी सगळ्यांना सांगितलंय." पदरानं तोंड पुसत चंदना म्हणाली, "तुमचं पुण्य मोठं. मीच पापी, म्हणून मला जमंना."

राजमती तिच्याजवळ शेणाच्या जमिनीवर तशीच बसून राहिली. मीच पापी. पंचवीस वर्षं हेच तर तिनंही मनात म्हटलं होतं. उपास केला तरी वजन वाढतंय, म्हणजे आपलंच काही चुकतंय, आपलीच जीभ वाईट, आपलंच मन कच्चं. आता तिच्याच फोटोमागं किरणं लावून तीच शिक्षा दुसरीला दिली जात होती.

दिरानं चंदनाला सांगलीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. संध्याकाळपर्यंत ती सावरली आणि पोटभर जेवून घरी आली. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकल्यावर राजमती पायगोंडापुढं जाऊन उभी राहिली.

"उद्या तुमी उठून सांगायचं. सगळ्यांसमोर. व्रत न्हाई म्हणून."

"चंदनाचं ऐकलं मी. आता बरी हाय म्हणं की."

"मी न्हाई म्हणलं तर कुणी ऐकत न्हाई. तुमी म्हणलं तर ऐकतील."

"पाचशे माणूस येणार. पाव्हणं येणार. मला जमणार न्हाई गं."

"बरं," राजमती म्हणाली. "मग मला काय जमतंय ते बघते."

सत्कार बस्तीत नव्हता. पलीकडच्या कार्यालयात होता, जिथं लग्नं लागत आणि पंगती उठत. बँड होता, झेंडूच्या माळा होत्या, स्टेजवर मधोमध लाल मखमलीची खुर्ची होती. राजमती साधं पातळ नेसून आली. हातात कापडी पिशवी. पिशवीत जपमाळ असणार, असं पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या. चंदनाही आली होती, मागं भिंतीला टेकून बसली होती.

भाषणं सुरू झाली. जिनगोंडा आण्णांनी पंचवीस मिनिटं घेतली. चारशे दिवस एका घासावर राहणं म्हणजे काय, अन्नाची आस कशी तुटते, देहाचा मोह कसा गळून पडतो, हे त्यांनी इतकं रंगवलं की मागच्या रांगेतला एक म्हातारा हुंदके देऊ लागला. दुसऱ्या वक्त्यानं आजच्या पोरींना फटकारलं, ज्यांना सकाळ-संध्याकाळ खायला लागतं. एक वाजायला आला. मग आण्णा म्हणाले, "आता तपस्विनी वैनींनी दोन शब्द बोलावेत, अशी इनंती."

राजमती माइकपुढं उभी राहिली. "मी व्रत केलेलं न्हाई," ती म्हणाली. "मी रोज तीनदा जेवते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बनुबाई काकींनी डोळ्यांना पदर लावला. "बघा," कुणीतरी म्हणालं, "अजून बी न्हाईच म्हणती."

राजमतीनं त्या टाळ्या संपू दिल्या. मग ती खुर्चीत बसली. पुढच्या टेबलावर शाल, श्रीफळ आणि हार मांडले होते, ते तिनं एका बाजूला सारले. पिशवीतून डबा काढला आणि उघडला. एका कप्प्यात मटकीची उसळ, एकात दुधी, एकात भाकरीचे चार तुकडे, काकडीच्या फोडी. पाण्याची बाटली काढली. गोळी काढून टेबलावर ठेवली. भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि तोंडात घातला.

कार्यालयात मटकीच्या फोडणीचा वास पसरला. बँडवाल्यातल्या एकानं मान उंचावून बघितलं. राजमती सावकाश चावत होती, सन्मतीनं शिकवलं होतं तसं. पहिला घास गिळून तिनं दुसरा घेतला.

"राजमती," बनुबाई काकी पुढच्या रांगेतून कशाबशा म्हणाल्या, "अगं, आज तपाचा दिवस."

"काकी, माझी जेवायची येळ झाली. एक वाजता मी जेवते. सकाळी धिरडी खाऊन आले, आन मावळायच्या आत परत जेवणार. रोजच जेवते."

"मी तुझ्या पाया पडले गं."

"मी मागं सरत हुते, काकी. तुमी पाय सोडला न्हाई."

जिनगोंडा आण्णांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. ते स्टेजवरूनच पुरुषांच्या रांगेकडं वळले. "पायगोंडा, काय हे?"

राजमतीनं हातातला घास खाली ठेवला. "सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. माइक अजून चालू होता.

पायगोंडा उठला. आजूबाजूला बघितलं, पण त्या रांगेत लपायला कुठं जागा नव्हती. "व्रत न्हाई," तो म्हणाला. "मीच म्हणालो हुतो. लोक इचारत हुते."

"काय इचारत हुते?" राजमती म्हणाली.

"का वाळली म्हणून."

"मग का वाळली?"

पायगोंडानं टोपी काढून हातात घेतली. "जेवून," तो म्हणाला. मागच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आन?"

"चालून."

"किती वरीस झालं, वजन वाढलं न्हाई?"

"एक वरीस."

"बसा आता," असं म्हणून राजमतीनं घास परत उचलला.

मग गलका उठला. काही पाहुणे चपला शोधायला लागले. पर्वात असली थट्टा, असं दोघं-तिघं मोठ्यानं म्हणाले, आणि ते पायगोंडाकडं न बघता राजमतीकडं बघून म्हणाले, हेही तिनं पाहून ठेवलं. आण्णांनी शालीची घडी घालून ती परत पिशवीत भरली. भिंतीपासून चंदना उठली, बायकांच्या रांगांमधून वाट काढत स्टेजच्या पायरीशी आली आणि तिथंच उभी राहिली. तिनं आधी डब्याकडं बघितलं, मग राजमतीकडं.

"म्हंजे वैनी, खरंच जेवत हुता?"

"तर मग वरीसभर तुला दुसरं काय सांगत हुते?"

"एवढी उसळ?"

"एवढी लागतीच. तू किती खातीस?"

"मी भाकरी आन चटणी," चंदना म्हणाली. "उसळ गड्यांना हुती, मग उरत न्हाई." राजमतीनं सरकून खुर्चीत अर्धी जागा केली, पण दोघी मावण्यासारखी ती खुर्ची नव्हती, म्हणून चंदना पायरीवरच बसली. राजमतीनं डब्याचं झाकण तिच्यापुढं धरलं, त्यात उसळ घातली आणि भाकरीचा तुकडा ठेवला. चंदनानं पाचशे माणसांकडं पाठ करून तो खाल्ला.

डबा संपला तेव्हा कार्यालय निम्मं रिकामं झालं होतं. राजमतीनं गोळी घेतली, डबा पिशवीत भरला आणि ती बाहेर पडली. भाद्रपदाचं ऊन चटचटत होतं. पायगोंडा फाटकाशी थांबला होता. दोघं रस्त्याला लागली.

"चारचौघांत जेवलीस," पायगोंडा म्हणाला. "माझी मान खाली गेली."

"पंचवीस वरसं चारचौघांत उपाशी राहिले," राजमती म्हणाली. "चक्कर यायची, भिंतीला धरून भाकरी थापायचे. तवा तुमची मान ताठ हुती."

राजमती तिच्या नेहमीच्या चालीनं चालत होती. वेग तिनं मुद्दाम वाढवलेला नव्हता. पण थांब्याच्या चढावर पायगोंडा मागं पडला. त्याला धाप लागली होती आणि एक हात पोटावर होता.

"जरा हळू चाल की," तो मागून म्हणाला.

"न्हाई," राजमती म्हणाली. "तुमी भरभर चाला."